दम आहे, पण काठ्यांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वीडनमधल्या ‘वासालोपेत’ या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पुढे स्वीडनचा राजा झालेल्या गुस्ताव वासाची पळापळ, १९२२ सालच्या पहिल्या शर्यतीतले ११९ स्पर्धक, १९२४ पासून स्त्रियांना बंद झालेला आणि १९८१ मध्ये पुन्हा उघडलेला प्रवेश, वाटेतलं ब्लूबेरीचं गरम सूप, सगळं छान उतरलं होतं. तयारीबद्दल मात्र एकच वाक्य होतं, की मॅरेथॉन धावणाऱ्याला दोन महिन्यांचा सराव पुरतो. हे आम्हाला धोक्याचं वाटतं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि वासालोपेत मार्चच्या पहिल्या रविवारी. मधे उरतात जेमतेम सहा-सात आठवडे. पुण्या-चिंचवडच्या स्वीडिश कारखान्यांतून आणि आयटी कंपन्यांतून इकडे स्वीडनमध्ये वर्षा-दोन वर्षांसाठी येणारे मराठी लोक आता बरेच आहेत, त्यांत धावणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणी त्या एका वाक्यावर विसंबून नाव नोंदवू नये, म्हणून हे सविस्तर पत्र.

धावणाऱ्याचा दम इथे उपयोगी पडतो, यात वाद नाही. अडचण अशी की तो दम खर्च करायला लागणारे स्नायू धावण्यात तयारच होत नाहीत. वासालोपेत ‘क्लासिक’ पद्धतीची शर्यत आहे. बर्फात यंत्रानं पाडलेल्या दोन समांतर चऱ्यांमधून स्की सरळ न्यायच्या, स्केटिंगसारखे तिरके पाय टाकायचे नाहीत. चढावर चालल्यासारखी एकाआड एक पाय-हाताची लय, म्हणजे डायगोनल स्ट्राइड. फारच उभा चढ आला की स्कीची टोकं बाहेर फाकवून पावलं टाकत चढायचं, ते हेरिंगबोन. सपाटीवर आणि सौम्य उतारावर दोन्ही काठ्यांचा एकदम रेटा, त्याला डबल पोलिंग म्हणतात. सेलेनजवळच्या सुरुवातीनंतर लगेच तीनेक किलोमीटरचा चढ आहे. तो संपला की शर्यतीतला सर्वांत उंच भाग आलाच, आणि त्यापुढे शर्यत संपते त्या मूरापर्यंत मार्ग वरखाली करत एकूण उतरतच जातो. म्हणजे नव्वदातले बहुतेक किलोमीटर काठ्यांवर जायचे.

थोडा हिशेब करून पाहा. ताशी १० किलोमीटरचा वेग आणि मिनिटाला ४० रेटे धरले, तर एका रेट्यात जवळजवळ सव्वाचार मीटर जायला हवं. फक्त ६० किलोमीटर डबल पोलिंग धरलं तरी चौदा हजारांवर रेटे होतात. ज्यानं आयुष्यात काठीनं स्वतःचं वजन ओढलेलं नाही, त्याचे दंड तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपतात. मग तो सपाटीवरही चालत राहतो आणि वाटेतले नाके, म्हणजे ठरावीक वेळेनंतर पुढे न सोडणारे थांबे, बंद होण्याच्या वेळा त्याला गाठतात. पाय ताजे असतात, हेच सगळ्यात चरफडायला लावणारं.

डबल पोलिंग दंडांनी करायचंच नसतं, हे पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं. काठ्या बुटांच्या चवड्यांशेजारी टेकवायच्या, कोपरं साधारण काटकोनात आणि अंगापासून जराशी बाहेर. काठी टेकण्याआधी शरीर चवड्यांवर उंच आणि किंचित पुढे झुकलेलं हवं. मग पोट आवळून वरचं अंग काठ्यांवर सोडायचं. त्या पडण्याचं वजन काठीतून बर्फात गेलं पाहिजे, हातांचं काम शेवटच्या टप्प्यात. नवशिक्यांची चूक बहुधा एकच असते. ते खुर्चीत बसल्यासारखे मागे बसतात आणि नुसत्या दंडांनी ढकलतात. त्यात वेग मिळत नाही आणि कंबर जाते. दुसरी चूक मूठ आवळून धरण्याची. रेटा संपताना बोटं सैल सोडून काठी पट्ट्यावर लोंबकळू द्यायची असते. ते जमलं नाही तर तासाभरात कोपराखालचा हात दगड होतो आणि करंगळीला मुंग्या येतात.

तयारी मे महिन्यात सुरू करावी. स्वीडनमध्ये असाल तर रोलर स्की घ्या. क्लासिक रोलर स्कीला चाकं दोन आणि ब्रेक शून्य, त्यामुळे हेल्मेट आणि उतार नसलेला सायकलचा रस्ता या दोन गोष्टी आधी. चाकांवर वेगाचे आकडे असतात. २ नेहमीचं, ३ त्याहून हळू, आणि बहुतेक कंपन्यांचा क्रम असाच आहे. सुरुवातीला ३ घ्यावं. वेगवान चाकांवर किलोमीटर भराभर वाढतात, पण बर्फाचा विरोध अंगवळणी पडत नाही. काठीच्या टोकाला बर्फाच्या चकतीऐवजी डांबरी रस्त्यासाठीचं कार्बाइडचं टोक लागतं, आणि ते हिऱ्याच्या कानशीनं वरचेवर घासून धारदार ठेवावं लागतं. बोथट टोक निसटलं की तो झटका थेट कोपरात जातो.

रोलर स्कीचा एक तोटा मात्र फार कमी लोक सांगतात. क्लासिकच्या चाकांना एका दिशेलाच फिरू देणारा खटका असतो, म्हणून पाय कसाही मारला तरी मागे घसरत नाही. बर्फावर स्की पकडते ती फक्त योग्य क्षणी, योग्य जोरानं चवडा खाली दाबला तरच. चाकांवर शंभर किलोमीटर डायगोनल स्ट्राइड करून माणूस उशिरा पाय मारायची सवय लावून घेतो, आणि डिसेंबरात पहिल्या चढावर घसरत बसतो. म्हणून रोलर स्कीवर भर डबल पोलिंगवर द्यावा.

महाराष्ट्रात राहूनच तयारी करणाऱ्यांचं काय? आपल्या रस्त्यांवर रोलर स्की काढणं म्हणजे जीव देणं आहे, तो विचार सोडा. जिममध्ये स्की-अर्ग नावाचं, वरून दोन दोऱ्या खाली ओढण्याचं यंत्र असेल तर आठवड्यातून तीनदा ते धरा. एक दिवस तासभर सावकाश, एक दिवस चार-चार मिनिटांचे पाच जोरदार टप्पे मधे दोन-तीन मिनिटं सोडून, एक दिवस दहा-दहा सेकंदांचे पूर्ण ताकदीचे झटके. यंत्र नसेल तर सिंगल बार. आपल्याकडे व्यायाम म्हणजे जोर-बैठका. जोर चांगलेच, पण त्यांत आपण शरीर वर ढकलतो. इथे हवं ते वरून खाली ओढणं. त्या दृष्टीनं दोरीचा मल्लखांब जोरांपेक्षा कितीतरी जवळचा. सोबत पोटाचे आणि पाठीचे व्यायाम. पाठीचे लोक विसरतात आणि साठाव्या किलोमीटरला ते आठवतात. चढासाठी काठ्या हातात घेऊन सिंहगड किंवा पर्वती, आणि नुसतं चालणं नको, दर पावलाला काठी मारत लांब उड्या टाकत जायचं. स्कँडिनेव्हियातले स्कीपटू उन्हाळ्यात टेकड्यांवर हेच करतात. लोक वळून बघतील, बघू द्यावं.

गुलमर्ग किंवा औलीचा कोर्स केला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे शिकवतात ते बहुतेक उतारावरचं स्कीइंग. त्या बुटाची टाच स्कीला जखडलेली असते, स्की रुंद आणि कडेला धातूची धार असलेली. क्रॉस-कंट्रीत टाच मोकळी, स्की कितीतरी अरुंद, आणि धार बहुधा नाहीच. उतारावर धीर येतो एवढा फायदा खरा.

बर्फावरचे तास भरून काढायला पर्याय नाही. रोलर स्की आणि बर्फ मिळून तीन-चारशे किलोमीटर तरी झाले पाहिजेत, आणि त्यांत एक फेरी ५० ते ६० किलोमीटरची सलग असावी, असं आमचं मत. त्या लांब फेरीत वेग पाहू नये. पट्टा कुठे काचतो, बूट कुठे चावतो, तीन तासांनंतर पोट काय पचवतं, हे पाहण्यासाठी ती असते.

आता सामान. इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. काठीची लांबी आंतरराष्ट्रीय नियमानुसार क्लासिकला उंचीच्या ८३ टक्क्यांहून जास्त चालत नाही, उंची बूट घालून मोजायची. १७० सेंटिमीटर भरली तर काठी १४१. स्की मात्र उंचीवरून नव्हे, वजनावरून निवडायची. क्लासिक स्की मधे कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर वजन वाटलेलं असताना कमान बर्फाला टेकू नये आणि एका पायावर पूर्ण वजन टाकलं की टेकावी, एवढंच तिचं काम. सेकंडहँड घेताना विक्रेत्यासमोर कागदाची परीक्षा घ्या. गुळगुळीत कडक फरशीवर दोन्ही स्की ठेवून त्यांवर सरळ उभं राहा आणि दुसऱ्याला पायाखालून एक कागद सरकवायला सांगा. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना कागद टाचेपासून बाइंडिंगच्या, म्हणजे बूट अडकवायच्या पकडीच्या, पुढे वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत सहज सरकला पाहिजे. मग सगळं वजन त्याच पायाच्या चवड्यावर घ्या. आता कागद घट्ट अडकला पाहिजे. अडकला नाही तर स्की तुमच्यासाठी फार कडक, चढावर ती पकडणारच नाही. पहिल्याच परीक्षेत अडकला तर फार मऊ, सपाटीवर पकडीचं वॅक्स सतत घासत राहील आणि सगळा दिवस ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखा जाईल. ८० किलोच्या मित्राची महागडी रेसिंग स्की ६० किलोच्या माणसानं घेऊन येणं हा इथला नेहमीचा प्रकार आहे. फुकट मिळाली तरी घेऊ नये.

पकडीसाठी दोन मार्ग आहेत. पायाखाली मोहेरच्या केसाळ पट्ट्या बसवलेली ‘स्किन’ स्की, किंवा वॅक्स. पहिल्या वर्षी स्किन घ्यावी. वॅक्सच्या उत्तम स्कीपेक्षा ती थोडी मंद, पण हवामान बदललं तरी साधारण सारखीच वागते. शून्याच्या आसपास ताज्या ओल्या बर्फात पट्टीवर गोळे धरू शकतात, म्हणून तिचं खास द्रव आदल्या रात्री लावून ठेवायचं. ग्लाइड वॅक्स, म्हणजे स्की नीट घसरावी म्हणून लावायचं वॅक्स, इस्त्रीनं लावताना पट्टीला इस्त्री लागू देऊ नये.

वॅक्सच वापरणार असाल तर तत्त्व समजून घ्या. बर्फाचे ताजे, थंड स्फटिक टोकदार असतात. वॅक्स इतकंच मऊ हवं की पाय मारताना टोकं त्यात रुततील आणि घसरताना सुटतील. थंडी जास्त तितकं वॅक्स कडक. हिरवं कडक थंडीला, निळं उणे पाचच्या आसपास, जांभळं शून्याच्या जरा खाली, लाल शून्याला आणि वर. वितळून पुन्हा गोठलेल्या जुन्या खरखरीत बर्फावर या कांड्या टिकत नाहीत, तिथे मधासारखं चिकट क्लिस्टर लागतं. वॅक्स लावायची जागा म्हणजे बुटाच्या टाचेपासून पुढे साधारण ६०-७० सेंटिमीटर, कागदाच्या परीक्षेत खूण करून ठेवलेली. ९० किलोमीटर ते टिकायचं असेल तर ती जागा १०० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडा, आधी बेस वॅक्स लावून इस्त्रीनं गरम करून जिरवा, गार होऊ द्या, आणि वर दिवसाच्या वॅक्सचे पाच-सहा पातळ थर. दर थर कॉर्कनं घासून तुकतुकीत करायचा. एक जाड थर दिला की गोळे धरलेच म्हणून समजा. ग्लाइड वॅक्स पुढच्या आणि मागच्या भागालाच. ते पकडीच्या जागेत गेलं की वरचं काहीच चिकटत नाही.

मार्चमध्ये सकाळी उणे १२ आणि दुपारी उणे १ असा दिवस अगदी शक्य आहे. अशा वेळी सकाळच्या थंडीचं कडक वॅक्स लावून निघा आणि मऊ कांडी व कॉर्क खिशात ठेवा. कडकवर मऊ चढतं, मऊवर कडक चढत नाही, नुसतं माखतं. उलट केलंत तर वाटेत सगळं खरवडावं लागेल. नाक्यांवर वॅक्सिंगची मदत मिळते, पण तिथे रांग असते. जुन्या वॅक्सची पेटी कुणी देऊ केली तर तिच्यात फ्लुओरिनवालं वॅक्स नाही ना, ते पाहा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०२३-२४ च्या मोसमापासून त्यावर पूर्ण बंदी घातली आहे, आणि ते एकदा इस्त्रीला-ब्रशला लागलं की सहज निघत नाही.

शर्यतीच्या दिवशी सुटण्याची वेळ सकाळी ८ ची. मूराहून बस पकडायची तर पहाटे निघावं लागतं. आधीच्या शर्यतींतल्या वेळेवरून गट ठरतो, आणि नवख्याला शेवटच्या, म्हणजे दहाव्या गटात टाकतात. पहिल्या चढावर हजारो माणसं मोजक्या चऱ्यांत शिरतात आणि मागच्या गटांचा तासभर सहज रांगेत जातो. त्यावर चिडू नये, तो वेळ हिशेबात आधीच धरावा. काठ्या मोडतात त्या इथेच. कुणीतरी चकतीवर स्की ठेवतो, तुम्ही ओढता आणि कार्बनची काठी काडीसारखी तुटते. काठ्या अंगाजवळ उभ्या धरा, हात हलवू नका. नाके आहेत सात: स्मोगान, मोंग्सबूदार्ना, रीसबेर्ग, एव्हर्ट्सबेर्ग, ऑक्सबेर्ग, हॉकबेर्ग, एल्ड्रिस. प्रत्येकी पाच मिनिटं थांबलात तरी पस्तीस मिनिटं गेली. प्रत्येक नाका बंद होण्याची वेळ त्या वर्षीच्या पत्रकातून कागदावर लिहून बाहीत ठेवा. अर्ध्यावरच्या एव्हर्ट्सबेर्गनंतर काही किलोमीटर छान उतार आहे, तिथे हात मोकळे करून घ्या, कारण ऑक्सबेर्गच्या पुढे हॉकबेर्गला पुन्हा चढायचं आहे. उतारावर वेग आवरत नसेल तर एक स्की चरीत ठेवून दुसरी बाहेर काढून तिरकी दाबायची. हे आधी शिकून घ्या. थकल्यावर नव्यानं काही शिकता येत नाही आणि वळणावर पडलेला माणूस मागच्या वीस जणांना पाडतो.

खाणं पहिल्या नाक्यापासून, भूक लागायची वाट न पाहता. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा लिटर पाणी हा ढोबळ हिशेब. ब्लूबेरी सूप शाकाहारी आहे, अंगात ऊब येते, पण एका कपावर भागत नाही, बनपावही घ्या. घरून चिक्की आणणाऱ्यांना एक सूचना: उणे दहाला ती दात पाडेल. खजूर बरा, आणि तोही आतल्या खिशात. जेलही थंडीत घट्ट होतात. पाण्याची बाटली जॅकेटच्या आत कमरेला, गरम पाणी भरून. नळीची पिशवी नको, नळी आधी गोठते. अंगाला चिकटून पातळ लोकर किंवा पॉलिस्टर, वर वाऱ्याला अडवणारं पातळ जॅकेट, बस. सुती बनियन घामानं भिजलं की वाळत नाही आणि पहिल्याच नाक्यावर हुडहुडी भरते. उभं राहताना थोडी थंडी वाजली पाहिजे. ऊब वाटत असेल तर कपडे जास्त झाले. कोरड्या हातमोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा.

शर्यतीच्या आठवड्यात ताप, घसादुखी, अंगदुखी असेल तर उतरू नका. विषाणूच्या तापात जोराचे कष्ट केले तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. स्वीडनमधले डॉक्टर दरवर्षी हे सांगतात आणि दरवर्षी काही जण प्रवेशशुल्काकडे बघून ऐकत नाहीत.

शेवटी नोंदणीबद्दल, कारण लेखात फक्त मुख्य शर्यतीचा उल्लेख होता. त्याच मार्गावर त्याच हिवाळी आठवड्यात ३० आणि ४५ किलोमीटरच्या शर्यती होतात, आणि मुख्य रविवारच्या आधीच्या रविवारी व सोमवारी ‘ओपेट स्पोर’ असते. तीही पूर्ण ९० किलोमीटरचीच, फक्त क्रमवारी लावत नाहीत आणि पहिल्या चढावरची चेंगराचेंगरी बरीच कमी असते. पहिलं वर्ष ३० चं, दुसरं ओपेट स्पोरचं. तिथली वेळ दाखवून पुढच्या वर्षी मुख्य शर्यतीत वरचा गट मागता येतो. विजेत्याच्या वेळेच्या दीडपटीच्या आत येणाऱ्यांना मिळणाऱ्या पदकाचा विचार त्यानंतर. पुढच्या वर्षीची नोंदणी शर्यत झाल्यावर थोड्याच दिवसांत सुरू होते आणि जागा लवकर भरतात, तेव्हा यावरचा पुढचा लेख आपण मार्चमध्येच छापावा, ही विनंती.

आपले,
स्वीडनमधील काही मराठी वाचक